धोंड्याच्या महिन्यात पन्नास किलोमीटर

मी आयुष्यात एकदाच सासऱ्यांच्या दारावरून पळत गेलो, आणि तेव्हा माझ्या छातीवर एकशेसतरा असा नंबर होता.

सुरुवातीपासून सांगतो. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. त्यामुळं कोणतीही गोष्ट साधेपणानं करायची नाही, आधी तिचा अभ्यास करायचा, अशी एक खोड मला लागली आहे. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा दुसरा कोणी असता तर संध्याकाळी चार चकरा मारून आला असता. मी लडाखच्या डोंगरातली शर्यत धावायचं ठरवलं. (डॉक्टरांनी फक्त भात कमी करा म्हटलं होतं.) तिथल्या लोकांची अट एकच होती. आधी कुठल्याही डोंगरातली पन्नास किलोमीटरची शर्यत नऊ तासांत पूर्ण करायची, तिचा दाखला जोडायचा, मगच अर्ज घेणार. हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. म्हणजे आता माघार घ्यायची तर बदलीच मागावी लागली असती.

अकोल्यात डोंगर कुठून आणायचा? आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. सहा महिने मी रोज पहाटे तोच पूल वीस-वीस वेळा चढलो आणि उतरलो. पुलाखालच्या चहावाल्यानं आठवडाभर पाहिलं आणि मग काही हरवलं काय साहेब, म्हणून आपुलकीनं विचारलं. त्यानंतर तोही खाली वाकून शोधू लागला.

शर्यत निवडली ती चिखलदऱ्याच्या डोंगरातली. चिखलदरा काही लडाखएवढा उंच नाही, पण ज्या गावाला जाताना आमचे लोक स्वेटर घेतात ते आमच्या हिशेबानं उंचच. पंचवीस किलोमीटरचे दोन फेरे होते. नकाशा पाहिला तर प्रत्येक फेऱ्यात चौदाव्या किलोमीटरला जे गाव लागत होतं, ते माझ्या बायकोचं माहेर. मला वाटलं, चला, रस्ता ओळखीचा आहे.

वर्षाला, म्हणजे बायकोला, मी नकाशा दाखवला. ती भाजी निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, "धोंड्याचा महिना चालू आहे. आमच्या दारावरून दोनदा जाणार, अन् घरात नाही जाणार?"

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो. त्यात जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणपोळी खाऊ घालायची, कपडे करायचे. त्या महिन्यात जावई दारावरून उपाशी गेला, तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण मी तिला समजावलं की मी जावई म्हणून नाही, धावपटू म्हणून चाललोय. ती पुन्हा भाजी निवडू लागली. तिला पटलं असं मी समजलो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तरी तसंच समजलो.

सकाळी सहाला शर्यत सुटली. सव्वाआठच्या सुमाराला मी सासुरवाडीत शिरलो. सासरे ओट्यावर पाण्याचा तांब्या घेऊन उभेच होते. (वर्षानं फोन केला होता, हे सांगायला नको.) मी दोन्ही हात जोडले, आता थांबता येत नाही मामाजी, वापस येतो, असं ओरडलो आणि तसाच पुढे निघालो. मागं वळून पाहिलं तेव्हा तांब्या त्यांच्या हातात तसाच होता. मला माझा वेग आवडला.

नंतरचं मला पुढे कळलं. मामाजींच्या शेजाऱ्यानं विचारलं, हे कोण गेलं? दुसऱ्यानं सांगितलं, जवाई. तिसरा म्हणाला, मग पळाला काहून? इतकं पुरे झालं. नऊ वाजेपर्यंत जावई रुसला होता. दहापर्यंत, मागच्या दिवाळीला शर्टाचं कापड हलकं दिलं म्हणून रुसला होता. अकरापर्यंत तो पार अकोल्याहून पायी धावत आला होता, फक्त तोंड फिरवून जायला. एकानं तर छातीवरच्या नंबरावरून माझ्यावर काहीतरी केस चालू आहे असंही काढलं. सासूबाईंनी रडत वर्षाला फोन केला. वर्षा म्हणाली, ते तसेच आहेत, तुमी पुरण टाका.

दुसऱ्या फेऱ्यात मी पुन्हा गावात आलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. माझ्याजवळ दोन तास दहा मिनिटं होती आणि अकरा किलोमीटर राहिले होते. वेळेत पोचणार यात शंका नव्हती. वळण घेतलं आणि पाहतो तर रस्त्यात बैलगाडी आडवी. इकडून भिंत, तिकडून नाली, मागं सगळं गाव. गाडीजवळ मामाजी. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जवाईबुवा, तुमची शर्यत मोठी असन," ते हळू आवाजात म्हणाले. "पण सकाळपासून गाव मले विचारून राहिलं, जवाईले काय कमी केलं म्हणून. पाच मिनिटं बसा. माया इज्जतीचा सवाल आहे."

या माणसानं आयुष्यात माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं. मी बसलो.

पाट होता, रांगोळी होती. साळ्यानं, गजूनं, माझे बूट काढले आणि पाय धुतले. एकोणचाळीस किलोमीटर बुटात कोंडलेले पाय गार पाण्यात गेले, आणि मोकळं वाटून असे पसरले की दोन नंबरांनी वाढले. पुढ्यात ताट आलं. पुस्तकात लिहिलं होतं, दर चाळीस मिनिटांनी गोड जेलची एक पुडी खावी. ती पुडी माझ्या खिशात होती. समोर पुरणपोळी होती, कढी होती, भजी होती आणि तुपाची वाटी होती. तूप असं की पोळी त्यात बुडवली की दिसायची नाही. घड्याळ माझ्या मनगटावर होतं, पण मनगट तुपात होतं. त्यामुळं चाळीस मिनिटं कशी गेली ते मला सांगता येत नाही.

उठलो तर बूट पायात जाईनात. मामाजींनी आपली चप्पल दिली. गळ्यात शाल, कपाळाला कुंकू, हातात नारळ, छातीवरचा नंबर शालीत झाकून गेलेला, अशा थाटात मी निघालो. धावलो असं मी म्हणणार नाही. पोट पुढं जायचं, थांबायचं, मग मी जाऊन त्याला गाठायचो. चप्पल आपल्या सवडीनं यायची. बूट हातात घेऊन सासुरवाडीची मंडळी गाडीनं सडकेवरून पुढे निघून गेली.

मी शेवटच्या रेघेवर पोचलो तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं उशीर. सहा महिने, उड्डाणपूल, लडाख, ऑफिस, सगळं त्या अकरा मिनिटांत बुडालं.

मामाजी तिथं आधीच घड्याळवाल्या साहेबांशी बोलत उभे होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जवाई चाळीस मिनिटं आमच्या घरी बसला, तेवढी वजा करा. साहेब भला माणूस होता. त्यानं हसून सांगितलं की जेवणाचा वेळ वजा होत नाही, पण कोणी रस्ताच अडवला असेल तर तेवढी मिनिटं आम्ही सोडतो. सकाळी एकाला म्हशींनी अडवलं होतं, त्याची सहा सोडली.

मामाजी एक पाऊल पुढे आले. ज्या माणसानं गावात मान खाली जाऊ नये म्हणून सकाळपासून जिवाचं रान केलं, तो अनोळखी लोकांसमोर टोपी काढून म्हणाला, "मीच अडवलं साहेब. गाडी आडवी लावली होती. चाळीस मिनिटं लिहा."

साहेबांनी पेन काढलं. मला लडाखचे डोंगर दिसू लागले.

तेवढ्यात मागून सासूबाई बोलल्या. आपल्या हातच्या जेवणाला कोणी अडवणूक म्हणावं, हे त्यांना सहन झालं नाही.

"खोटं कावून सांगता? पाच मिनिटांत गाडी बाजूले केली ना तुमी. उठा जवाईबुवा, उशीर होईन, असं दोनदा म्हटलं. मंग चवथी पोळी कोणं मांगतली? अन् लोडाले टेकून घोरत कोण होतं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साहेबांनी मला विचारलं, खरं काय ते तुम्हीच सांगा. मी शिकलेला माणूस. बोलायला तोंड उघडलं, तर आधी ढेकर आला.

साहेबांनी पाच मिनिटं वजा केली. उरली सहा, ती माझी. दाखला मिळाला नाही. सासूबाईंनी मात्र गावभर सांगितलं की जवाई चार पोळ्या खाऊन गेला, आणि मामाजींची मान गावात पूर्वीपेक्षा वर झाली.

ऑफिसात कोणी लडाखचं विचारलं की मी गंभीर होतो आणि सांगतो, शेवटच्या अकरा किलोमीटरचा चढ माणसाला मारून टाकतो हो. ते सगळे अकोल्याचे, विश्वास ठेवतात. तो उतार होता.