शनिवारचा पाठ आणि कॉलेजांचा तक्ता

किस्से जमवावे लागत नाहीत. पाच-सहा मराठी कुटुंबे आठवड्यातून एकदा एका दिवाणखान्यात बसली की ते आपोआप साचतात, दाराशी ओल्या बुटांचा ढीग साचावा तसे. ढीग कोणी आवरत नाही. मीही आवरत नाही. आता वाकणे होत नाही.

सिएटलजवळ बेलव्ह्यूला आमच्या घरी दर शनिवारी सकाळी नऊ वाजता विष्णुसहस्रनामाचा पाठ होतो. पाठानंतर पंधरा मिनिटे अर्थाचे चिंतन आणि मग चहा, असा नियम मी घातला होता. चहा टिकला. चिंतनाच्या जागी कॉलेजे आली.

गेल्या वर्षी फलश्रुती म्हणून झाली, मी पोथी मिटली, तोच विवेक पाटणकरने हात जोडलेले असतानाच विचारले, "काका, याचं फळ अर्ली डिसिजनमध्ये मिळतं की रेग्युलरमध्ये?"

कॉलेज-प्रवेशाच्या या दोन फेऱ्या सर्वांना पाठ; सगळे हसले. मी समईची वात सारखी केली.

*

विवेक मूळचा पुण्याचा. रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची मुलगी सई शाळेच्या संघातून धावते. आठ फेऱ्यांची, दोन मैलांची शर्यत. तिला कॉलेजातही धावायचे होते. ज्यांचे सामने टीव्हीवर दिसतात, त्या विद्यापीठांच्या संघात तिला जागा मिळणार नव्हती, हे ती स्वतःच सांगे. म्हणून मधल्या फळीची कॉलेजे पाहायची ठरले: जिथे संघ आहे, कोच आहे, पण स्टेडियमसाठी ग्रंथालय उपाशी ठेवलेले नाही.

विवेकने तक्ता केला. खर्च, शिष्यवृत्ती, वर्गातील विद्यार्थिसंख्या, चार वर्षांत पदवी मिळण्याचे प्रमाण, संघ, कोच, हवामान, विमानतळ. आठ रकाने. एकूण गुण छत्तीस!

डॉक्टर काणे आमच्यात सर्वांत वडील. नागपूरचे, हृदयरोगतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. त्यांनी चष्मा वर करून तक्ता पाहिला.

"अरे, ही तर पत्रिका जुळवतो आहेस. यात नाडी कुठली?"

"फायनान्शियल एड, काका," विवेक गंभीरपणे म्हणाला. "ती जुळली नाही तर लग्नच कॅन्सल!"

*

दोन कॉलेजे उरली. एक मोठे, नामांकित विद्यापीठ. तेथे सईला संघात स्थान नाही; हवे तर हौशी क्लबात धावावे. दुसरे डोंगरांपलीकडे, गव्हाच्या शेतांत वसलेले लहान कॉलेज. छापील फी मोठ्यापेक्षा जास्त; पण गुणवत्तेवर मिळणारी मदत वजा केली की हातात येणारा खर्च कमी. जीवशास्त्राचे वर्ग लहान, प्राध्यापक स्वतः शिकवणारे. आणि संघात जागा.

तक्त्यात लहान कॉलेज दोन गुणांनी पुढे गेले.

पुढच्या शनिवारी विवेकने नवा तक्ता आणला. त्यात नववा रकाना होता: 'ओळख.' पुण्यातल्या नातेवाइकांना कॉलेजचे नाव माहीत असेल तर चार गुण, नसेल तर शून्य.

"हा रकाना कॉलेजचा नाही, विवेक," मी म्हणालो. "तुझा आहे."

"काका, पण आईला फोनवर काय सांगू? तीनदा नाव सांगितलं. ती म्हणाली, बरं बरं, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा!"

*

मला उपदेशाची सवय आहे. तिच्यामुळे माणसे दुरावतात, हेही ठाऊक आहे. सई नववीत गेल्यापासून पाठाला येईनाशी झाली होती. एकदा दिवाळीच्या फराळाला ती समोर आली, तेव्हा मी म्हणालो, "शनिवारी दिसत नाहीस."

"आय हॅव अ मीट, काका," ती म्हणाली. शर्यतींना ही मुले मीट म्हणतात, आणि शर्यती शनिवारी सकाळी असतात.

"देवाचीही एक मीट असते," मी म्हणालो. "तिथेही हजेरी लागते."

मंडळी खूप हसली. मेधाने, सईच्या आईने, वाक्य लक्षात ठेवून दोन ठिकाणी सांगितले. मलाही ते आवडले होते.

सई हसली नाही. तिने चकलीची ताटली माझ्यासमोर धरली.

*

लहान कॉलेज पाहायला पाटणकर कुटुंब पाच तास गाडी चालवून गेले. विवेकने रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला गाठले. शर्यतीला गेलेल्या मुलींचे प्रयोग बुडतात का, बुडाले तर भरून कसे देतात, वर्षाअखेर गुणांवर परिणाम किती, असे सगळे त्याने वहीत बघून विचारले.

बाईंनी शांतपणे उत्तरे दिली. शेवटी म्हणाल्या, "हे सगळे प्रश्न तुमच्या मुलीने मला ऑक्टोबरातच ईमेलने विचारले होते. तिची यादी थोडी मोठी होती."

परतताना विवेकने सईला विचारले, "मग मला का नाही सांगितलंस?"

"यू डिडन्ट हॅव अ कॉलम फॉर इट," सई म्हणाली.

*

मार्चमध्ये त्या कॉलेजच्या कोच बाई सिएटलकडे आल्या होत्या. घरी येऊन भेटू का, असे त्यांनी विचारले. मेधाने होकार दिला आणि मग तिच्याकडून जे झाले ते संस्काराने झाले. तिने कांदेपोहे केले, शिरा केला, सईला नीटसा कुर्ता घालायला लावला आणि ट्रे घेऊन बाहेर पाठवले! वडीलधारे म्हणून काणे आणि मी सोफ्यावर बसलो होतो. जणू मुलगी पाहायलाच आले होते कोणी.

कोच बाई काटक, पन्नाशीच्या. पोहे तीनदा घेतले.

विवेकने तक्त्यानुसार विचारपूस केली. "आपलं स्वतःचं शिक्षण?"

"गणितात मास्टर्स," त्या म्हणाल्या. विवेकने समाधानाने पेनाने खूण केली.

मग बाईंनी बशी खाली ठेवली. "आता माझा एकच प्रश्न. वेळा मला कागदावर दिसतात. पण शेवटच्या फेरीत, दमल्यावर, सई कशी धावते? तुमच्यापैकी कोणीही सांगा."

विवेकने मेधाकडे पाहिले. मेधाने काण्यांकडे. काण्यांनी माझ्याकडे. चार वर्षांच्या शर्यती, सगळ्या शनिवारी सकाळी. त्या वेळी आम्ही कुठे असतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? सई मैत्रिणीच्या आईच्या गाडीतून जात असे.

सई ट्रे घेऊन उभी होती. तिने कोणाकडेच पाहिले नाही.

शेवटी मेधा म्हणाली, "थोडा शिरा घ्या ना."

*

एप्रिलअखेरपर्यंत एका कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. नवव्या रकान्याच्या जोरावर मोठे विद्यापीठ दोन गुणांनी जिंकले. विवेकने शनिवारी चहाच्या वेळी जाहीर केले, "डिसिजन झाला. पुढच्या रविवारी फॉर्म भरून टाकतो. धावणं काय, क्लबातही होतंच की."

"सई काय म्हणाली?" काण्यांनी विचारले.

"ओके म्हणाली."

"मग झालं! हो म्हणाली ना पोर?"

मेधा कप गोळा करत होती. ती न वळताच म्हणाली, "ओके म्हणाली, काका. हो नाही म्हणाली."

मी पोथी उचलली, डोक्याला लावली, कपाटात ठेवली. कोच बाईंचा प्रश्न तीन आठवडे माझ्याही दिवाणखान्यात येऊन बसला होता. त्याला उठवण्याचे बळ माझ्याकडे नव्हते. पण जागा बदलणे शक्य होते.

"पुढच्या शनिवारी पाठ इथे नाही," मी म्हणालो. "सईच्या शाळेच्या मैदानावर. नऊ वाजता."

"पण काका, पाऊस आहे!"

"इथे कधी नसतो?"

*

फॉर्म अखेर रविवारी नव्हे, त्या शनिवारीच भरला गेला. मैदानाच्या ओल्या बाकावर बसून, फोनवरून. लहान कॉलेजचा. तक्ता विवेकने बरोबर आणला होता, पण उघडला नाही. का, ते मला विचारू नका. घडले एवढेच सांगतो.

आम्ही नऊ जण बाकांवर बसलो होतो. काण्यांच्या मांडीवर घोंगडी, माझ्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पोथी. पाठ निम्मा झाला आणि शर्यत सुटली. बारा-तेरा मुली, पावसाचा पडदा, आणि धावपट्टीवर पाणी.

"ती बघा, ती बघा!" विवेक उभा राहिला. "हिरव्या ड्रेसमधली! दुसरी आहे!"

घरी सईचे शाळेचे जर्किन हिरवे आहे. काळी वेणी, लांब पाय, हिरवा पोशाख. आम्ही सगळे उभे राहिलो. एकोणीस वर्षांत प्रथमच माझा पाठ मध्येच थांबला. "सई! कम ऑन, सई! शाब्बास!" मेधाचा आवाज फाटला. विवेक कठड्यावर तळहात आपटत होता. पाच फेऱ्या आम्ही ओरडत होतो. हिरवी मुलगी प्रत्येक फेरीला आमच्याकडे जरा बावरून पाही.

"पोरगी चांगली उंच झाली हो," काणे कौतुकाने म्हणाले.

सहाव्या फेरीला, मागून चौथी असलेली एक मुलगी आतली बाजू सोडून आमच्या कठड्याजवळून गेली. शर्यतीचा पांढरा पोशाख अंगाला चिकटलेला, केस तोंडावर, श्वास लागलेला. तिने वेग कमी केला नाही, मानही पूर्ण वळवली नाही. आणि जिने गेल्या कित्येक वर्षांत आमच्यापैकी कोणालाही मराठीत उत्तर दिले नव्हते, ती म्हणाली,

"बाबा, मी इकडे आहे!"