पेडगावला जायची मोटार

पंडितदाजींनी मोटार घेतली, असं मला जिंतूरच्या बाजारात एकाने सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे मालक. येलदरीच्या वीजघरात नोकरीला. सायकलवरून उतरतानासुद्धा पडणारा माणूस, तो मोटार काय घेणार! पण रविवारी जाऊन बघतो तर क्वार्टरच्या अंगणात खरंच मोटार. चाकं नव्हती, दगडांवर टेकवलेली होती, पण मोटारच.

धरणाचं काम चालू होतं तेव्हा दिनकरराव नावाच्या गुत्तेदाराकडे, म्हणजे कंत्राटदाराकडे, ही छोटी मॉरिस होती. काम संपलं, गुत्तेदार जीप घेऊन गेला आणि मॉरिस पत्र्याच्या शेडात पडून राहिली. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या होत्या. वास तसाच होता.

"दाजी, हे कशाला घेतलं?" मी विचारलं. मी शाळामास्तर, मला सरळ उत्तरं आवडतात.

"आईला पेडगावला न्यायचंय, गुरुजी."

"एसटी बंद झाली का?"

तेव्हा ताईने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दाजींची आई सरजाबाई. तिची एकुलती धाकटी बहीण चांगुणाबाई पेडगावला दिलेली. तीन वर्षांपूर्वी चांगुणाबाईचा नवरा वारला तेव्हा सरजाबाई एसटीने निघाली होती. पण तिला गाडी लागते, आणि ती अशी की जिंतूर येईस्तोवर म्हातारी अर्धमेली झाली. तिथूनच माघारी आणावी लागली. बहिणीच्या दुःखात जाता आलं नाही, हे तिच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

"आता तिला ये म्हणू तर कोणत्या तोंडानं म्हणू?" सरजाबाई म्हणायची. "आदी मी जाईन. मंग ती येईल."

जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर नुसती खुशाली कळायची, बोलावणं कधीच नाही. पण गुत्तेदाराने एकदा तिला याच मॉरिसमधून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं होतं. पुढच्या सीटवर, काच खाली करून. ती ओकली नाही, उलट उतरल्या उतरल्या तिने चहा मागितला. त्या एका चहावर दाजींनी मोटार घेतली.

मग सगळं घर त्या मोटारीला लागलं. जिंतूरचा रंगनाथ मेस्त्री दर रविवारी यायचा. त्याचा हात जीप आणि ट्रॅक्टरवर बसलेला, एवढी लहान मोटार त्यानेही उघडली नव्हती. ताईने जुन्या गाद्यांचं कापड काढून सीटांना खोळी शिवल्या. रंग आपल्या झेंड्याचा, निळाच द्यायचा हे ठरलेलंच होतं, त्यावर कुणी बोललंसुद्धा नाही. मी पत्रा घासायचा आणि कुरकुर करायची. खोलताना मेस्त्रीने सांगून ठेवलं, "जे निघंल ते गोणपाटावर ओळीनं मांडा. ओळ मोडू नका, मंग बसवताना डोकं चालत न्हाई." दाजींनी ओसरीवर तीन गोणपाटं अंथरली आणि सगळं शिस्तीत मांडलं. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा इतक्या सरळ ओळीत बसत नाहीत.

आणि वैशाखी पौर्णिमा, बुद्धजयंती आली. घर सारवून, भांडी घासून लख्ख झालं पाहिजे. त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. सरजाबाईने ओसरीवरचा तो तेलकट पसारा पाहिला आणि तिला राहवलं नाही. चिंच आणि राख घेऊन बसली. एकूण एक नग घासला. मग गृहिणी लावते तसं सगळं लावून टाकलं: पितळेचं फळीवर, लोखंडाचं टोपलीत, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं परातीत, आणि बारीकसारीक सगळे स्क्रू तिखटाच्या रिकाम्या डब्यात.

रविवारी मेस्त्री आला आणि ओसरी बघून त्याने टोपीच काढली. "हे कुणी केलं?"

"म्या," सरजाबाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "लय मळलं व्हतं रं लेकरा."

तिला कोण काय बोलणार? दाजींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. ज्या माउलीसाठी हा सगळा खटाटोप, तिनेच त्याची अशी वाट लावावी, आणि तिला ते कळूही नये! मला आधी राग आला, मग हसू आवरेना.

पुढचे आठ-दहा महिने गोंधळात गेले. हा नग इथला की तिथला, यावर भांडणं व्हायची. स्वयंपाक करता करता ताई चुलीपासून ओरडायची, "ते फळीवरचं पितळंचं बसवून बघा की!" आणि कधीकधी ते बसायचंही. दाजी झोपेत स्क्रू पिळायचे, असं ताई सांगते. शेवटी एक दिवस इंजिन सुरू झालं. टोपलीत चार-पाच नग उरले होते.

"हे कुठले?" मी विचारलं.

"चालायलीय न्हवं? मंग इचारू नका, गुरुजी," मेस्त्री म्हणाला.

चालत होती. फक्त डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. तो का वाजतो हे कुणालाच सांगता आलं नाही.

दाजी धरणाच्या मैदानावर चालवायला शिकले. मग एका सुट्टीच्या दिवशी सरजाबाई नवं लुगडं नेसली, बहिणीसाठी शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले आणि पुढच्या सीटवर बसली. काच खाली. मी मागे. वसाहतीची कमान ओलांडली नाही तोच तिने तोंडाला पदर लावला. दाजींनी गाडी थांबवली. ती ओकली. पाणी पिऊन पुन्हा बसली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती रस्त्याच्या कडेला बसूनच राहिली.

"पंडित, न्हाई जमायचं मला. तू जा. तिला सांग, तुजी अक्का निघाली व्हती म्हनून."

दाजींचं तोंड बघवत नव्हतं. तिला घरी सोडलं आणि लाडू घेऊन आम्ही दोघेच निघालो.  डावीकडे वळणं आली की हॉर्न तेवढा वाजत होता. मावशी काय म्हणेल, एवढी एकच काळजी दाजींच्या चेहऱ्यावर होती.

पेडगावला चांगुणाबाई दारातच भेटल्या. दाजींनी पाया पडून चाचरत सुरुवात केली. "मावशी, काका गेले तवा आई निघाली व्हती, पर तिला..."

"गाडी लागती. मला म्हाईत न्हाई व्हय? लहानपनी बैलगाडीत बी वकायची ती." चांगुणाबाई हसल्या. मग आमच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तू मला न्यायला आलास का रं?"

 मीच विचारलं, "मावशी, तुम्हाला गाडी लागत नाही?"

"मला? दरसाली नागपूरला जाते मी, दीक्षाभूमीला. रेल्वेनं, बशीनं, कशानं बी."

"मग येलदरीला का नाही आलात?"

"माय गेल्यावर अक्काचं घर तेच माजं माहेर. माहेराला कुनी आपल्या पायानं जातंय व्हय? माहेराहून न्याया मुराळी याया पायजे. लय वाट बघितली बाबा." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि गाठोडं बांधूनच बाहेर आल्या. शेजारणीला ओरडून सांगितलं, "जायलेय वो मी! माहेराहून न्यायला आलेत!"

परतीच्या वाटेवर त्या अखंड बोलत होत्या. 

सरजाबाई अंगणात बाजेवर बसली होती. बहिणीला बघून ती उठली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. सगळं ऐकून झाल्यावर सरजाबाई लेकावरच खेकसली. "पंडित, हिला आनाया मोटार कशाला पायजे व्हती रं? कवाच जायाचं व्हतंस की येष्टीनं!"

"आई, पर तूच म्हनायचीस ना, आदी मी जाईन..."

"मी म्हनायची. तू ऐकलंस कामून?"

 दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून घरात गेल्या. आतून हसणं ऐकू यायला लागलं. दाजी मोटारीच्या दारात बसले, हाताचा काळा डाग अंगठ्याने चोळत राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "चार वर्सं गेली की वो दोघींची."