दुसऱ्या चौकटीतली वीट

भागवतचा दिवस साडेचारला सुरू होई. विहिरीचं काम ऊन चढायच्या आत जेवढं उरकेल तेवढं बरं. पण त्या वैशाखात तो साडेचारच्याही आधी उठून बसू लागला, घामाने भिजलेला. चार दिवस एकच स्वप्न. शिरपूरला बबनरावांच्या मळ्यातली जुनी विहीर, उगवतीकडचं दगडी बांधकाम पोटासारखं पुढे आलेलं, आणि खाली रूपला.

रूपला त्याचा तीस वर्षांचा जोडीदार. दोघं मिळून ती विहीर खोल करत होते. सकाळी रूपला तळाला पहार चालवी आणि भागवत वर यारीवर, म्हणजे मलबा उचलणाऱ्या यंत्रावर, उभा राही. दुपारनंतर उलट.

स्वप्न त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. विहीर खोदणाऱ्यांचा नेम आहे, काम चालू असताना विहिरीचं स्वप्न बोलायचं नाही. बोललं की खरं होतं. आणि ज्याच्या कानावर पडलं त्याने तळाला थांबायचं नाही. घोळ असा झाला की स्वप्न सुरू झाल्यावर दोन दिवसांनी तो फुगवटा भागवतला जागेपणीही दिसू लागला. बोटभर. खरा की स्वप्नातला, हे त्याला ठरवता येईना. दाखवायला जावं तर स्वप्न सांगितल्यासारखंच होणार. तो गप्प राहिला.

त्या संध्याकाळी त्याची नात निकिता ओट्यावर कागद पसरून बसली होती. ती वाशिमला चित्रकला शिकत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या एका परदेशी वर्तमानपत्राचं रविवारचं चित्रकथेचं पान तिने छापून आणलं होतं. एका झोपलेल्या माणसाचं स्वप्न, दहा चौकटींत. त्यावर तिला लिहून न्यायचं होतं.

"आबा, पाहा ना. हा माणूस जिना उतरून राह्यला, अन् जिना संपतच नाही."

भागवतला इंग्रजी येत नव्हतं. त्याने अक्षरं सोडली आणि नुसती चित्रं पाहिली. काढणाऱ्याने भिंतीची एकेक वीट वेगळी काढली होती, कुठेही रेघोट्या ओढून काम उरकलं नव्हतं. जिना जसा खोल जाई तशा चौकटी उंच आणि अरुंद होत. सहाव्या चौकटीत भिंत फुटत होती. नववीत माणूस विटांसोबत कोसळत होता, तोंड उघडं. शेवटची चौकट एवढीशी. माणूस खाटेखाली पडलेला, बायको कंबरेवर हात ठेवून उभी.

"मी लिहिलं, सहाव्या चौकटीपासून सपन बिघडलं," निकिता म्हणाली.

"नाही. इथून." भागवतने दुसऱ्या चौकटीवर नख ठेवलं. एक वीट ओळीतून केसभर बाहेर होती.

"अगं बाई! मले दिसलीच नाही."

"त्याले दिसली. डोळा पाह्य त्याचा."

तिसऱ्या चौकटीत माणसाचा डोळा त्या विटेवर होता, तोंड मिटलेलं. चौथीत तशा दोन विटा, तोंड मिटलेलं. पाचवीत पाच, तरी मिटलेलंच.

"मंग बोलला काहून नाही?" निकिता हसली. "भित्रा असन."

भागवतने कागदावरचा हात काढून घेतला. या माणसाला निदान पडून जागं व्हायला खाट होती, रूपलाला नव्हती.

दुसऱ्या दिवशी रूपलाच्या आधी भागवत लोखंडी कड्यांवरून दहा फूट उतरला आणि त्या फुगलेल्या दगडांच्या सांध्यावर ओल्या मातीचा पट्टा लिंपला. दगड हलला तर माती फाटेल. स्वप्नाला माती फाडता येत नाही.

"काय करून राह्यला बे?" रूपलाने वरून विचारलं.

"हात पुसला."

दहाच्या सुमारास त्याने वाकून पाहिलं. उन्हाने माती तडकते ती जाळीसारखी. ही सरळ फाटली होती, सांध्याबरोबर, वरून खालपर्यंत.

"रूपला, वर ये!"

"चहा आला काय?"

"भिंत हलली. ये लवकर."

"तुह्या लग्नाच्या आधीपासून हलून राह्यली ते. चार टोपले राह्यले, भरतो अन् येतो."

बांधावर बसलेले बबनराव ओरडले, "काय रे भागवत, म्हातारचळ लागला का तुले? पाणी हाताशी आलं अन् तू माणूस वर बोलावतो!"

खाली पहार चालूच होती. दर ठोक्याला उगवतीच्या भिंतीतून बारीक माती गळत होती. भागवत विहिरीच्या काठावर ओणवा झाला. सांगितलं तर खरं होणार. नाही सांगितलं तर तोंड मिटून पाहत राहायचं.

"रूपला! मले सपन पडून राह्यलं. चार दिवसांपासून. हेच भिंत, तुह्या अंगावर!"

पहार थांबली.

"आता सांगतं काय, मुर्दाडा?" रूपलाचा आवाज पार बदलला होता. "टोपलं सोड! सोड लवकर!"

यारीला घाई करता येत नाही, दोर तिच्याच चालीने गुंडाळला जातो. रूपला टोपल्यात उभा राहून, साखळीला मिठी मारून, डोळे मिटून वर आला. बिडी पेटवायला त्याने तीन काड्या मोडल्या. चौथी ओढायच्या आत आधी एक दगड सुटला, मग उगवतीची सगळी भिंत. धुळीने विहिरीचं तोंड भरून गेलं. बबनराव उठून उभे राहिले, पण जवळ आले नाहीत.

"तू सांगितलं म्हणून पडली," रूपला म्हणाला.

"नसतं सांगितलं तं?"

त्याच आठवड्यात रूपलाने पोहरादेवीच्या देवळात जाऊन आण घेतली, पुन्हा जमिनीखाली उतरणार नाही.

विहीर अर्धवट सोडणं भागवतला पटणारं नव्हतं. त्याने उरलेली सैल भिंत वरून उतरवून घेतली, मगच तळाला पाय ठेवला. मलबा काढायला एकोणीस दिवस लागले. दोन्ही पाळ्या तळाला तोच होता. रूपला यारीवर उभा राही, आणि तिथूनही विहिरीत वाकून पाहत नसे.

आता शिरपूरच्या बसथांब्याजवळ रूपला हातगाडीवर वांगी आणि मेथी विकतो. ती गाडी भागवतच्या त्या एकोणीस दिवसांच्या मजुरीतून आली.