बांबूतला पास

आमच्या चांदा जिल्ह्यात तेव्हा इंग्रजी शब्द मोजकेच होते. त्यातल्या 'पास'ला सगळ्यात जास्त काम. मॅट्रिक झालेला पोरगा पास. मोटारीत फुकट बसणारा पासवाला. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली की पोरगी पास, आणि बाजारात बैल चालवून पाहिला की तोही पास. जंगलातून बांबू आणायचा तर जंगल खात्याच्या आमच्या नाक्यावरून पास घ्यावा लागे. मी मॅट्रिक पास होतो, म्हणून तो पास लिहायला मला बसवलं होतं.

सिंदेवाहीकडच्या एका गावातला, तलावात मासे धरणारा म्हातारा माझ्याकडून बारा बांबूंचा पास घेऊन गेला. तीन दिवसांनी मुलीचं लग्न होतं, मांडवाला बांबू हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बैलबंडी भरून नाक्यावर परत आला. नेमके रेंजरसाहेब व्हरांड्यात बसले होते. मी कडक आवाजात पास मागितला.

पास बांबूत होता. त्या लोकांकडे कागद ठेवायला खिसा नसे. कागद भिजू नये म्हणून ते तो गुंडाळून पोकळ बांबूच्या तोंडात सारत आणि वरून माती लिंपत. पण भुंगे शिरू नयेत म्हणून त्याने बाराही बांबूंची तोंडं लिंपली होती, आणि कागद कोणत्या बांबूत ठेवला ते आता त्याला आठवत नव्हतं.

तो काडीने एकेक तोंड कोरायला बसला. मधेच माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "पास तं तुमीच लिवून देल्ला जी."

ते खरं होतं. तेवढं साहेबांना सांगितलं असतं तर बंडी लगेच सुटली असती. पण साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मी म्हणालो, "कोरत काय बसतोस? फोड."

त्याने कुऱ्हाड घेतली. नवव्या बांबूत पास निघाला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

म्हाताऱ्याने फुटलेले बांबूही नीट रचून बंडीत बांधले. जाताना त्याने विचारलं, फुटल्याच्या बदल्यात दुसरा पास भेटेल का. तसा नियम नाही, असं मी सांगितलं. नियम आहे की नाही, हे मी आजवर पाहिलेलं नाही. कोऱ्या पासांचं पुस्तक माझ्या हाताखाली होतं.

लग्नाचं आवतन द्यायला तो नाक्यावर आला तेव्हा बांबूंचा विषय त्याने काढला नाही.

लग्नाच्या दिवशी मी सायकलने त्या गावावरून गेलो. कामच होतं, असं घरी सांगितलं होतं. मांडवाला तीन बांबू धड होते. बाकी जाळी वाळवायचे आखूड खुंट लावले होते, त्यामुळे मांडव एका बाजूने छातीइतकाच उंच होता. वऱ्हाडी त्या बाजूने वाकून आत शिरत होते. नवरदेवाला बाशिंग हाताने धरावं लागलं. म्हाताऱ्याने मला रस्त्यावर पाहिलं आणि पुढे आला.

"या ना साहेब. थोडं वाकून या, बस."

मी म्हणालो, ड्युटी आहे.

त्या दिवशी माझी सुट्टी होती.