घोडेस्वाराची नाणी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. भिवंडीत मी निरीक्षक होतो. खबऱ्याने सांगितलं, निजामपुऱ्यात जुन्या घराचा पाया खोदताना नाण्यांचा डबा निघाला आणि पॉवरलूमवरच्या एका जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, तो परस्पर घरी नेला. भरदुपारी त्याच्या दारात जीप लावली, पंचांसमक्ष डबा जप्त केला. नाण्यांवर दौडता घोडेस्वार आणि अरबी अक्षरं. ठेवा पुरातन आहे, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

जॉबरची साठी उलटलेली. जबाबात म्हणाला, "साहेब, जवानीत लिबियाला होतो, पाइपलाइनच्या कामावर. पगारातली चिल्लर हाय ही. पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर दिरहम. हजार दिरहमचा एक दिनार. त्याच्या आधी तिथं पाउंड चालायचा."

मी हसलो. भिवंडीत घरटी कोणी ना कोणी आखातात. दिनार कुवेतचा आणि दिरहम दुबईचा, हे मला कोण शिकवणार? "दोन देशांचे पैसे एका खिशात घातलेस की," मी म्हणालो. खोटं पकडल्याच्या तोऱ्यात त्याला तीन दिवस पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं.

"साहेब, पोरीचा निकाह तोंडावर आलाय. माझा जुना पासपोर्ट तरी बघा," तो रोज विनवायचा. मी तो उघडलाही नाही.

चौथ्या दिवशी आमच्या हवालदाराने न राहवून जवळच्या मदरशातल्या मौलवींना बोलावलं. नाणं पाहून ते म्हणाले, "लिबिया लिखा है. बीस दिरहम. साल हिजरी है, तेरा सौ निन्यानवे. यही कोई पैंतालीस साल हुए होंगे." मग मी पासपोर्ट उघडला. लिबियाचे शिक्के होते. खबऱ्याचं जॉबरशी जुनं भांडण होतं, हेही तेव्हाच कळलं.

मुद्देमाल परत घेताना जॉबर पावतीवर सही करून थांबला. "साहेब, दोन ओळी लिहून द्या, नाणी माझीच हायत म्हणून. पोरीच्या सासरच्यांना दाखवायचंय. जीप सगळ्या मोहल्ल्यानं बघितली."

"पावतीत तसा रकाना नसतो," मी म्हणालो. तो डबा घेऊन निघून गेला.

आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हे ठाण्यात मोठ्याने म्हणता आलं पाहिजे, एवढं या प्रकरणाने शिकवलं. फार उशिरा शिकवलं. पोरीचं लग्न मोडल्याचं मला महिन्याभराने समजलं. पावतीत रकाना नव्हता हे खरं, पण तिची मागची बाजू कोरी होती.