घासलेला दात

दत्तात्रय पाटणकरांना चिडायला कारण लागत नसे; पण १९५९च्या मार्चमधल्या त्या रविवारी कारण होतं, आणि ते मी होतो.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो. मी बार्शीचा, यंत्रांचा विद्यार्थी. ते कराडचे, भूशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेले, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, म्हणून दत्तोपंत. ट्राम मिनिटभर उशिरा आली की चिडायचे, वेळेवर आली की "एवढी कसली घाई यांना!" म्हणून चिडायचे.

त्या आठवड्यात मात्र सगळा राग एकाच माणसावर होता : डॉक्टर ल्यूडर्स, ओबरहाइडे गावच्या छोट्या संग्रहालयाचे प्रमुख. त्या गावच्या वीटभट्टीच्या खाणीत बोसे नावाचे म्हातारे कामगार चाळीस वर्षं माती खणत होते. तिथल्या राखाडी मातीत त्यांना बोटभर लांबीचा, उभ्या रेघांचा दात सापडला. कुठल्या तरी नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा. ल्यूडर्सनी पाहिला आणि म्हणाले, असले दात शेजारच्या टेकडीच्या काळ्या, पापुद्र्यांच्या दगडात ढिगाने मिळतात. राखाडी मातीत मिळणं म्हणजे नवल. म्हातारा मोठेपणासाठी थापा मारतोय. हे भर गुत्त्यात, चारचौघांसमोर.

बोसेंनी दात दत्तोपंतांच्या हातात ठेवला. खाणीतले नमुने गोळा करताना दोघांची ओळख झाली होती.

"आणि मला काय म्हणतो माहितेय?" दत्तोपंत धुमसत होते. "'श्रीयुत पाटणकर, तुमच्या मुलखात सगळा काळा बेसाल्ट, लाव्ह्याचा दगड, त्यात कसले अवशेष! तुम्ही दात पाहिलेत कधी?' अरे, माझ्या तोंडात बत्तीस आहेत!"

दात टेबलावर ठेवून ते अंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात गेले. मला वाटलं, बिचाऱ्यांचं काम जरा हलकं करावं. चिखलाने माखलेला तो दात मी नळाखाली धरला आणि माझ्या ब्रशने घासून चकचकीत केला.

ते परतले. खांद्यावरचा टॉवेल खाली पडला.

"काय केलंस हे?"

"धुतला. किती घाण होती!"

"घाण? ती माती होती, गाढवा! तो कुठल्या थरातला हे सांगणारा तोच एक साक्षीदार होता. तू त्याला मोरीत घातलास! आता ल्यूडर्सने पुरावा मागितला तर काय सांगू, बार्शीच्या इंजिनियरने घासून टाकला?"

"अहो, पण पेस्ट नाही लावली मी..."

"बोलू नकोस!"

मग त्यांनी दात उलटा केला. मुळाशी पोकळी होती. ब्रशचे केस तिथवर पोचले नव्हते. सुईने त्यांनी हरभऱ्याएवढी माती काढली आणि माझ्या नाकाशी धरली.

"टेकडीचा तो काळा दगड खरवडला की रॉकेलचा वास येतो. येतोय?"

नव्हता येत. माती काचेवर पसरून त्यांनी भिंगाखाली धरली. राखाडी चुऱ्यात बारीक हिरवे कण होते. आसपासच्या सगळ्या खाणी त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. असे कण एकाच थरात मिळायचे, बोसेंच्या खाणीतल्या राखाडी मातीत.

मला वाटलं, आता हसतील. "ब्रश जरा लांब असता तर?" म्हणून पुन्हा चिडले.

सोमवारी आम्ही संग्रहालयात गेलो. ल्यूडर्सनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले, "मलाही तसंच वाटत होतं." आणि दात ठेवायला कपाट उघडलं.

दत्तोपंतांनी दात उचलून मूठ मिटली. "आल्झो, तर मग डॉक्टरसाहेब, जिथे बोसेंना खोटं ठरवलंत तिथेच त्यांना खरं म्हणा. मग दात."

संध्याकाळी गुत्ता भरलेला होता. ल्यूडर्स उभे राहिले, कान लाल, आणि पुटपुटले की बोसेंचं खरं होतं, दात त्यांच्याच खाणीतला.

बोसेंनी ग्लासातून मान वर केली नाही. "मोठ्याने," म्हणाले. "कोपऱ्यातल्यांना ऐकू आलं नाही."

ल्यूडर्सनी दुसऱ्यांदा सांगितलं. मोठ्याने.

मग दत्तोपंतांनी मूठ उघडली. दात घामाने ओला झाला होता. मी पुसायला रुमाल काढला, तर भर गुत्त्यात माझ्यावर ओरडले, "हात लावशील तर खबरदार!"