लाल कुकर, पांढरा कुकर

अर्धवट काम सायराला खपत नसे. कांदा लाल म्हणजे लाल, तपकिरी नाही आणि गुलाबीही नाही. मटणाचे तुकडे सगळे एका मापाचे, नाहीतर एक गळतो आणि दुसरा चिवट राहतो. हे सांगायला ती थांबत नसे, करून मोकळी होई.

ती आणि तिचा नवरा अहमद श्रीवर्धनचे. शारजात रोल्ला चौकाच्या मागच्या एका जुन्या इमारतीत राहत. अहमद औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजात गाड्यांना रंग मारायचा. सायरा दोन इमारती पलीकडे डाबरेंच्या घरी सकाळी स्वयंपाकाला जायची. डाबरे वसईचे ख्रिस्ती. ग्लेंडा एका दवाखान्यात नर्स, नेल्सन रोज दुबईला ऑफिसला. दोन मुलं शाळेत. संध्याकाळी चौघं घरी येत तेव्हा एकाच्याही अंगात कांदा सोलायचं त्राण उरलेलं नसे. म्हणून ओट्यावर विजेवर दिवसभर मंद शिजवणारे स्लो कुकर आले. सकाळी भरायचा, बटण 'लो'वर लावायचं, संध्याकाळी झाकण काढून जेवायला बसायचं.

कुकर दोन होते. ग्लेंडानेच पहिल्या दिवशी दाखवले होते.

"सायराआपा, हा लाल तुझा. यात फक्त हलालच. मटण तू रोल्लाच्या तुझ्या खाटकाकडून आण. हा पांढरा आमचा. नेल्सन दुबईहून पोर्क आणतो, ते मी सुट्टीच्या दिवशी यात करते. तुला हात लावायचीसुद्धा गरज नाही."

सायराने काही मागितलं नव्हतं. ती फक्त पांढऱ्या कुकरकडे बघत राहिली होती.

"अगं, माझ्या आईकडे शेजारच्या खातूनचाचीसाठी वेगळी पातेली होती," ग्लेंडा म्हणाली. "नाताळाला तिचं वेगळं शिजायचं. ते पातेलं आम्ही कोणी घेतलं तर आई लाटणं घेऊन मागे लागायची. मला शिकवू नकोस."

या एका गोष्टीवर सायराने काम धरलं. त्या घरात ती मिठाची चव बघायला लागली, आदल्या रात्रीचं उरलेलं दुपारी तिथेच जेवायला लागली, आणि ग्लेंडाच्याच आग्रहाने संध्याकाळी येऊन एक डबा अहमदसाठी घरी नेऊ लागली.

स्लो कुकरला तिने आधी नावं ठेवली होती. "हलवायचं नाही, बघायचं नाही, हा काय स्वयंपाक? ही तर झोप." मग तिला त्याची खोड कळली. बटाटे तळाशी घालायचे, ते उशिरा शिजतात. मटण आधी तव्यावर चारही अंगांनी परतायचं, कंटाळा करायचा नाही. पाणी जेमतेम. आणि झाकण उघडायचं नाही. नेल्सन सकाळी ऑफिसला निघताना उघडायचा. "साहेब, बघून शिजत नाही ते," सायरा म्हणायची आणि तो हात मागे घ्यायचा.

ईद होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या दिवशी ग्लेंडाची धाकटी एलिशा तापाने घरी होती. सायरा तव्यावर मटण परतत होती. एलिशा चादर ओढत स्वयंपाकघरात आली आणि लाल कुकरकडे बघून तिने विचारलं, "आंटी, आर यू मेकिंग रिब्ज?"

"मी नाही गं करत तसलं. ते पोर्क मम्मीचं, त्या पांढऱ्यात."

"नो, इन धिस वन. द व्हाइट वन ब्रोक."

"कधी?"

"बिफोर ख्रिसमस. डॅडी पोअर्ड कोल्ड वॉटर. इट वेंट टक्क!" पोरीला तो आवाज आठवून हसू आलं.

सायराने गॅस बारीक केला. स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून पांढरा कुकर उतरवला. आतलं चिनी मातीचं भांडं काठापासून तळापर्यंत तडकलेलं होतं. तिने फटीवरून बोट फिरवलं आणि कुकर होता तिथे ठेवून दिला.

नाताळानंतर रमजान येऊन गेला होता. रमजानभर ती संध्याकाळी या लाल कुकरातून डबा भरून घरी नेत होती. गॅरेजात दिवसभर उन्हात उभा राहून आलेला अहमद खजूर खाऊन त्याच डब्याकडे वळायचा. "तुझ्या त्या झोपेच्या कुकरात मटण काय गळतं गं," म्हणायचा.

थोड्या वेळाने ग्लेंडा मुलीला बघायला दवाखान्यातून धावत आली. पर्स खांद्यावरच होती.

"ताप उतरला का गं, आपा?"

"उतरला. ग्लेंडाबाय, पांढरा कुकर कधी फुटला?"

ग्लेंडाने पर्स खाली ठेवली.

"आपा, त्यानंतर दरवेळी लालचं भांडं उकळत्या पाण्याने धुतलं मी. सोडा, लिंबू, सगळं. दवाखान्यात घासत नाही इतकं घासलं."

"धुतल्याचं नाही विचारलं."

"पाहुणे येणार होते. एकदाच करायचं म्हटलं. मग नवीन आणायचं राहूनच गेलं, तुला ठाऊक आहे आमची धावपळ. सांगणार होते मी. पण मग रमजान आला. म्हटलं आता सांगितलं तर उगाच तुझं मन..."

"माझं मन सांभाळलंस?"

"तू गेली असतीस आपा! मग मुलांच्या जेवणाचं कोण बघणार होतं?"

"सांगितलं असतंस तर मी माझं पातेलं घरून आणलं असतं. गॅसवर केलं असतं. कुकर नव्हता तेव्हा काय उपाशी होतात?"

ग्लेंडा रडवेली झाली. "तुला कुठे माहीत होतं? नकळत झालं त्याला तुमच्यात माफी असते ना? अल्लाला ठाऊक आहे."

"अल्लाचं आणि माझं मी बघेन," सायरा म्हणाली. "तुझं आणि माझं काय? खातूनचाचीचं पातेलं तू मला सांगितलं होतंस. मी विचारलं नव्हतं."

आत एलिशा "मम्मी" म्हणून हाक मारत होती, पण ग्लेंडा जागची हलली नाही.

सायरा ओट्याकडे वळली. मटण परतून झालं होतं, ते टाकून जाणं तिला जमणारं नव्हतं. तिने बटाटे तळाशी लावले, वर मटण, वर मसाला, जेमतेम पाणी. झाकण ठेवून बटण 'लो'वर फिरवलं. ओटा पुसला. फडकं पिळून वाळत घातलं. झाकण ठेवण्याआधी रोज ती रश्श्याचा थेंब तळहातावर घेऊन चव बघायची. आज घेतला नाही.

"मीठ तू बघ," म्हणाली, "मी बघितलेलं नाही." आणि रिकामा डबा पिशवीत टाकून निघाली.

घरी येऊन तिने डाळ लावली, अंडी उकडली. अहमद यायच्या आत तिच्या मनात एकदा येऊन गेलं, की याला कशाला सांगायचं? खाल्लं ते खाल्लं. भला माणूस आहे, रात्रभर तळमळेल. उद्यापासून डबा बंद म्हणायचं, खलास. डाळीला फोडणी देताना तिच्या ध्यानात आलं की ग्लेंडाही अगदी असंच बोलली होती. तिने गॅस बंद केला.

अहमद आला. नखांतला रंग घासत मोरीपाशी उभा राहिला.

"आज डबा नाही?"

"आधी ऐका. मग जेवायला बसा," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. रमजानचंही. काही गाळलं नाही.

अहमद पुन्हा हात धुऊ लागला. धुतलेलेच हात. बराच वेळ नळ चालू होता.

"आणि मी त्या बाईला दुवा देत होतो, दर संध्याकाळी," एवढंच बोलला.

दोघं जेवायला बसले तेव्हा सायराचा फोन वाजला. ग्लेंडाचा निरोप होता. तिने वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"काय म्हणते?"

"नवीन कुकर आणलाय. खोकं माझ्यासमोर उघडते म्हणते. उद्या ये म्हणते."

"मग?"

सायराने अंड्याचं कवच सोलून त्याच्या ताटात अंडं ठेवलं.

"कुकर तेवढा नवीन आहे," ती म्हणाली, आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.